मासिकांच्या पानांवरून उठलेल्या मामेनबाई

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



गणपतीपुढे एका जर्मन चित्रकार बाईंवर बोलणार म्हटल्यावर आपल्या कार्यवाहांनी जरा चमकूनच माझ्याकडे पाहिले. पण आपण वडोदऱ्याची मराठी माणसे. दिवाळी अंक हातात आला की आधी मुखपृष्ठ पाहणारी, दीनानाथ दलालांच्या चित्रांसाठी जुने अंक माळ्यावर जपणारी. मासिकातल्या चित्राचे मोल तुम्हाला मी काय सांगावे? मला बोलायचे आहे ते त्या चित्राच्या अडचणीबद्दल. मासिकासाठी काढणारा चित्रकार नेहमी दुसऱ्याच्या पानावर उभा असतो. पान मालकाचे, विषय संपादकाचा, रेघ तेवढी याची. आता ते पानच कुणी ताब्यात घेतले, तर रेघेने काय करायचे? झान मामेन यांच्यापुढे 1933 साली बर्लिनमध्ये हाच प्रश्न उभा राहिला.

नावावरून फ्रेंच वाटतात, आणि निम्म्या होत्याच. जन्म बर्लिनचा, 21 नोव्हेंबर 1890. वडील सधन व्यापारी. ते लहानपणीच कुटुंबाला पॅरिसला घेऊन गेले. झान आणि त्यांची बहीण मारी लुईझ, दोघी पॅरिस, ब्रुसेल्स आणि रोम इथे चित्रकला शिकल्या. त्या काळात व्यापाऱ्याच्या मुलींना असे शिकायला मिळणे म्हणजे मोठीच चैन. ती चैन 1914 साली एका फटक्यात संपली. महायुद्ध सुरू झाले, फ्रान्समध्ये जर्मन माणूस शत्रू ठरला, वडिलांची मालमत्ता जप्त झाली आणि कुटुंब परागंदा झाले. मायदेशी परतल्या तेव्हा मामेनबाई पंचविशीच्या होत्या. फ्रेंच अस्खलित, हातात कला आणि खिसा रिकामा. त्यांना बर्लिन परके होते.

1920 च्या सुमारास दोघी बहिणींनी कुर्फुर्स्टेनडाम या बर्लिनच्या झगमगत्या रस्त्यावर 29 क्रमांकाच्या घरात जागा घेतली. रस्त्यावर नव्हे हं, मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पूर्वी तिथे छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. हा पत्ता लक्षात ठेवा, कारण तो पुढे कधी बदललाच नाही.

पोटासाठी त्यांनी मिळेल ते काम केले. सिनेमाची पोस्टर्स काढली, फॅशनच्या मासिकांसाठी कपड्यांची चित्रे काढली. दिवस असे, की नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. पुढे चलन सावरले, शहराच्या अंगात वारे शिरले आणि त्याबरोबर मासिकांचाही सुगीचा काळ आला. ‘सिम्प्लिसिसिमुस’, ‘उल्क’, ‘उहू’, ‘युगेंड’ अशा नियतकालिकांतून मामेनबाईंची जलरंगातली चित्रे छापून येऊ लागली.

आता पडद्याकडे पाहा. हे ‘कंटाळलेल्या बाहुल्या’, 1929 सालचे. या तशा बाहुल्या नव्हेत, नटूनथटून बसलेल्या दोन तरुणी आहेत. कपडे ताज्या फॅशनचे, आणि चेहऱ्यावर असा कंटाळा, की पाहणाऱ्यालाही जांभई यावी. आणि हे ‘रेव्ह्यू गर्ल्स’, रंगमंचावर रांगेत नाचणाऱ्या मुली. प्रेक्षकाला दिसतात त्यांचे पाय. बाईंनी पाहिले त्यांचे डोळे, थकलेले आणि अर्धवट मिटलेले. त्याच काळात गेओर्ग ग्रोस आणि ओटो डिक्स हे चित्रकार हेच शहर रंगवत होते. त्यांच्या चित्रांतली बाई बहुधा एकतर शिकार असते नाहीतर सापळा. मामेनबाईंची बाई ही दिवसभर टाइपरायटर बडवून संध्याकाळी कॉफी प्यायला आलेली, शेजारच्या पुरुषाच्या बडबडीकडे कानाडोळा करून मैत्रिणीशी बोलणारी असते. तिची थट्टा आहे, तिरस्कार नाही. माझ्या मते त्यांचे सगळ्यांत चांगले काम हेच. पुढे पोटापाण्याचा विचार सोडून त्यांनी जे रंगवले त्यापेक्षाही सरस. काही अभ्यासकांना हे पटणार नाही, पण मी माझ्या डोळ्यांशी प्रामाणिक राहतो.

हे सगळे त्यांना दिसले कसे? त्या कॅफेत, नाचघरात, बाजारात एका कोपऱ्यात बसून वहीत भराभर टिपणे घेत. आपण कुणाला दिसू नये, नुसते दोन डोळे होऊन जगातून फिरावे, अशी इच्छा त्यांनी म्हातारपणी बोलून दाखवली होती. लेखक कुर्ट टुखोल्स्की तेव्हा बर्लिनच्या पत्रसृष्टीतले बडे नाव. 1929 साली त्यांनी लिहिले, की तुमचे मालक दर आठवड्याला जे खाऊचे दुकान उघडतात, त्यात चवीचा पदार्थ काय तो तुमचाच. 1930 मध्ये गुर्लिट यांच्या दालनात त्यांचे प्रदर्शन झाले. गुर्लिट यांनीच मग स्त्रियांमधल्या प्रेमावरच्या एका फ्रेंच पुस्तकासाठी त्यांच्याकडून शिळाछापाची चित्रे करून घेतली. ती चित्रे पुस्तकरूपाने येणार होती.

आली नाहीत. 1933 च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि काही महिन्यांत सगळ्या वृत्तपत्रसृष्टीला एका सुरात गायला लावले गेले. ‘उल्क’ बंद पडले. ‘सिम्प्लिसिसिमुस’ची गोष्ट जास्त दुखरी आहे. ते चालूच राहिले. त्याच्या जन्मापासूनचे चित्रकार थॉमस थेओडोर हाइने ज्यू होते, त्यांना देश सोडून पळावे लागले, आणि सहकाऱ्यांनी नव्या राजवटीशी जुळवून घेतले. चित्रे तशीच सुबक छापून येत राहिली. चावा तेवढा गेला.

मामेनबाई ज्यू नव्हत्या. रेघेला थोडे वळण दिले असते, बायका जरा गुबगुबीत आणि हसऱ्या काढल्या असत्या, तर काम मिळाले असते. त्यांनी अशा मासिकांना चित्रे देणे थांबवले. जाहीर पत्रक नाही, भाषण नाही. उत्पन्नाचा मुख्य झरा त्यांनी आपल्या हाताने बंद केला, एवढेच. वय बेचाळीस.

मग खायचे काय? हान्स उलमान हे त्यांचे मित्र, पेशाने इंजिनियर, पुढे नावाजलेले शिल्पकार. नाझींविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल ते तुरुंगात जाऊन आले होते. त्यांच्याबरोबर मामेनबाई ढकलगाडीवर जुनी पुस्तके, मासिके आणि चित्रे विकू लागल्या. ज्या शहरात त्यांची चित्रे स्टॉलवर टांगलेली असत, त्याच शहरात त्या रद्दीची गाडी ढकलत होत्या.

आणि चौथ्या मजल्यावर दार लावून रंगवत होत्या. 1937 साली त्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला गेल्या आणि तिथे पिकासोचे ‘गेर्निका’ पाहिले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये नाझींनी ‘भ्रष्ट कला’ म्हणून आधुनिक चित्रांची टिंगल करणारे प्रदर्शन भरवले होते. मामेनबाईंनी नेमकी तीच निषिद्ध शैली धरली. चेहऱ्यांचे तुकडे पडले, कडा धारदार झाल्या, रंग उग्र झाले. ‘सेनापती’, ‘लांडगा’ ही त्या काळातली चित्रे पाहा. ती दाखवायला कुणी नव्हते, विकण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कुणी वर्दी दिली असती तर काय झाले असते हे सांगायला नको. मघाशी मी म्हटले, की जलरंग मला जास्त आवडतात. आवडीचे सोडा. मासिकासाठी एवढी वर्षे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून काढणारा हात एकाही गिऱ्हाइकाशिवाय बारा वर्षे चालत राहिला, हे मला फार मोठे वाटते.

इथे तुमच्या मनात येईल, देश का नाही सोडला? अनेकांनी सोडला. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर मुंबईत येऊन ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियमची धुरा 1940 च्या दशकात सांभाळणारे हर्मन गोएट्झही जर्मनच, हॉलंडमार्गे भारतात आलेले. मामेनबाईंचे स्नेही माक्स डेलब्रुक अमेरिकेला गेले, ते त्यांची काही चित्रे तिकडे घेऊन गेले. या डेलब्रुकना 1969 साली नोबेल मिळाले. पण बाई एकदा निर्वासित होऊन आलेल्या होत्या. दुसऱ्यांदा उठायला त्या तयार झाल्या नाहीत, असे मला वाटते.

बॉम्बवर्षावातून ती जागा वाचली. युद्धानंतर रंग मिळेनात, तेव्हा परदेशातून येणाऱ्या मदतीच्या पुड्यांच्या सुतळ्या आणि तारा त्यांनी चित्रांत चिकटवल्या. पुढे चॉकलेटचे चमकते कागदही वापरले. आर्तुर रँबो या फ्रेंच कवीचे त्यांनी जर्मन भाषांतर केले. प्रसिद्धीपासून मात्र त्या दूरच राहिल्या. 1971 मध्ये हाम्बुर्ग आणि स्टुटगार्ट इथे प्रदर्शने झाली, स्त्री-चळवळीतल्या मुलींना जुनी मासिके सापडली आणि सगळे विचारू लागले, या बाई होत्या कुठे? त्या तिथेच होत्या, चौथ्या मजल्यावर.

हे शेवटचे चित्र, ऑक्टोबर 1975 चे. नाव ‘हिवाळ्याचे आश्वासन’. जवळजवळ सगळे पांढरे आहे, म्हणून पडद्यावर नीट दिसत नाही. दिवे जरा आणखी मंद करता का? पुढच्या वर्षी 22 एप्रिलला त्या गेल्या, पंच्याऐंशीव्या वर्षी. त्यांची ती खोली जतन करून ठेवली आहे.