सांध्याची जबाबदारी



वास्तुविशारदांचे हे संमेलन मारुंजीत भरते आहे, ते माझ्या विषयाला सोयीचेच आहे. गावठाणाला खेटून टॉवर उभे राहिलेले हे गाव पीएमआरडीएच्या हद्दीत येते. शहरात महापालिका रस्त्याखालून जे पुरवते, त्यातले बरेचसे इथल्या मोठ्या प्रकल्पाला स्वतःच्या आवारात उभे करावे लागते. सांडपाण्यावर प्रक्रिया, पावसाळी पाण्याचा निचरा, टँकरचे पाणी साठवायच्या टाक्या, सगळे आतच. त्यामुळे आपल्या टेबलाभोवती सल्लागारांची गर्दीही वाढते : आरसीसी, प्लंबिंग, वीज, अग्निसुरक्षा, लिफ्ट, एसटीपी, लँडस्केप. त्यातला प्रत्येक जण आपल्या विषयातला जाणकार असतो. तरीही महागात पडणारे दोष उरतात, कारण ते बहुधा दोन विषयांच्या सांध्यात असतात. आणि तो सांधा आपला आहे, हे आपण मनापासून मान्य केलेले नाही.

पोडियमचेच घ्या. खाली पार्किंग, वर बाग, ही आता इथली रूढ रचना. आरसीसी सल्लागार त्या स्लॅबवर त्याला सांगितलेला भार धरतो. लँडस्केपवाला झाडांसाठी मीटरभर माती दाखवतो. ही माती भिजली की चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास जाते, म्हणजे मोटारींच्या पार्किंगसाठी धरतात त्या भाराच्या कितीतरी पट. अग्निसुरक्षेचा सल्लागार त्याच स्लॅबवरून बंबाचा मार्ग काढतो, आणि राष्ट्रीय बांधकाम संहिता बंबासाठी 45 टनांपर्यंतचे वजन धरायला सांगते. तिन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात. ते एकमेकांवर ठेवून पाहणे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. मग कोणी कमी मातीत झाडे बसवतो, कोणी बीम जाड करतो आणि खालच्या पार्किंगची उंची जाते. स्लीव्ह न ठेवलेल्या बीममध्ये साइटवर होणारे कोअर कटिंग तर इतके नित्याचे झाले आहे, की त्याला दोष म्हणायचेही आपण सोडून दिले आहे.

सांध्यातला असा दोष जीवही घेतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात 17 जुलै 1981 रोजी टांगते पूल कोसळून 114 माणसे दगावली. मूळ नकाशात दोन पूल एकाच सलग सळईला टांगलेले होते. फॅब्रिकेशनच्या वेळी एकीच्या दोन सळया झाल्या आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. त्या शॉप ड्रॉइंगवर कंत्राटदार, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि आर्किटेक्ट अशा तिघांचेही तपासल्याचे शिक्के होते. जोडाचे गणित फॅब्रिकेटरने करायचे होते, हा अभियंत्यांचा बचाव टिकला नाही. मिसूरीत त्यांचे परवाने गेले. तीन शिक्के असले की तिघांनी पाहिले असे प्रत्येकाला वाटते, आणि म्हणून कोणीच पाहत नाही.

आपल्या वास्तुकला परिषदेच्या नियुक्तीच्या अटी याबाबत स्पष्ट आहेत. गणित, तपशीलवार डिझाइन आणि वेळोवेळची पाहणी यांची पूर्ण जबाबदारी सल्लागाराची. त्यांच्या कामाला दिशा देणे आणि ते एकत्र गुंफणे ही आर्किटेक्टची. आम्हाला सळईचे गणित कळत नाही, या नेहमीच्या आक्षेपाला इथेच उत्तर मिळते. गणित तपासायला कोणी सांगितलेलेच नाही. ते गणित कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, मातीची जाडी किती धरली, बंब कुठून येणार, हे विचारायला आरसीसीची पदवी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सल्लागार बिल्डर परस्पर नेमतो, त्यांची बिलेही तोच देतो, मग ते आमचे का ऐकतील? वस्तुस्थिती तशीच आहे. पण अधिकार वाटले गेले म्हणजे जबाबदारी नाहीशी होत नाही, हे दाखवायला इथून दूर जायला नको. 2025 च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा एमआयडीसी, पीएमआरडीए, मेट्रोचे काम, ग्रामपंचायत अशा प्रत्येकाला आपली हद्द नेमकी ठाऊक होती. पाण्याला मात्र हद्द ठाऊक नव्हती. नेमणूक कोणाचीही असो, एकत्र केलेल्या नकाशावर आर्किटेक्टची सही झाल्याशिवाय जीएफसी ड्रॉइंग साइटवर जाणार नाही, एवढे एक कलम बिल्डर आणि प्रत्येक सल्लागार यांच्या करारात असले, तरी अर्धा प्रश्न सुटतो.

बीआयएम हे सगळे आपोआप करील, असे तरुण मित्र म्हणतात. सॉफ्टवेअर पाइप बीमला धडकतो ते दाखवते, हे उपयोगाचे आहेच. पण पाइप हलवायचा की बीम, आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी, हे ते सांगत नाही. शिवाय मातीचा भार कोणी मॉडेलमध्ये घातलाच नसेल, तर धडक दिसणार कुठून?

राहिला फीचा प्रश्न, आणि खरी मेख तिथेच आहे. समन्वय हे काम आपण फुकट देतो, म्हणून ते उरल्यासुरल्या वेळात होते. 2016 च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत निघालेले बांधकामाचे दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन विकासकावर घातले आहे. गळक्या पोडियमची बाग उपसून वॉटरप्रूफिंग पुन्हा करण्याचा खर्च त्याच्यासमोर मांडा आणि समन्वयाची फी बिलात वेगळ्या ओळीत दाखवा. काही बिल्डर ती ओळ खोडतील. खोडली, तर समन्वय आपल्या कामात धरलेला नाही, हे त्याच पत्रात लिहून द्यावे. दुपारच्या सत्रात करारांवर चर्चा आहे. करारातले सहीचे कलम आणि पत्रातले हे वाक्य, या दोहोंच्या शब्दरचनेवरच ती व्हावी, असे मी सुचवतो.