सगळ्यात मागच्याची चाल

रविवारी पहाटे पुणेकराला दोन ठिकाणं हाक मारतात. एक अंथरूण आणि दुसरा सिंहगड. आमच्या भटक्यांच्या गटाने गेली तीस वर्षं दुसऱ्या हाकेला ओ दिली. गट म्हणजे काय, तर ना नोंदणी, ना वर्गणी. स्वारगेटला भेटायचं, बसने पायथा गाठायचा, आतकरवाडीतून पायवाटेने चढायचं. पुणे दरवाज्यातून आत शिरलं, की पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि मनसोक्त गप्पा.

मी गटात आलो १९९५ साली. पहिलीच वाट निघाली ती कात्रज ते सिंहगड. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगरधारेने तेरा टेकड्या चढायच्या-उतरायच्या, त्याही चांदण्यात. कवितेत चांदणं फार सोपं असतं. पाचव्या टेकडीवरच माझे पाय बोलायला लागले. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. तेव्हा आमचे म्होरके, ज्यांना सगळे काका म्हणतात, माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कवी, जो सगळ्यात मागे, त्याची चाल ती गटाची चाल. चला!" आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पण कुणी कुरकुर केली नाही.

काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या हिवाळ्यात निम्म्या चढावर ते एका दगडावर बसले. "तुम्ही जाऊन या. मी थांबतो इथेच." तरुण पोरं घुटमळली. खरं सांगतो, मलाही वरचं दही दिसत होतं. दोन पावलं मी पुढे टाकलीसुद्धा. मग लाज वाटली. परत फिरून म्हटलं, "काका, नियम तुम्ही केलात, पण मोडायचा अधिकार आता तुमचा एकट्याचा नाही."

काका चिडले. "माझ्यापायी सगळ्यांचा गड बुडवता?" कुणीच उत्तर दिलं नाही. डबे उघडले. कुणाची थालीपीठं, कुणाची गुळपोळी, माझ्या घरचे गोड रोट. काका बराच वेळ तोंड फिरवून बसले होते. शेवटी एका मुलाने तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट विचारली. दरवर्षी समाधीपाशी सांगायचे ती, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची. काकांनी रोटाचा तुकडा मोडला आणि त्या दगडावरूनच, कड्याकडे बोट दाखवत, सांगायला सुरुवात केली. सूर्याजीने दोर कापल्याचा प्रसंग आला तेव्हा क्षणभर थांबून म्हणाले, "माझे मात्र वर जायचे दोर कापले गेले रे." हसावं की नाही, कुणाला कळेना. मग तेच आधी हसले.

पुढच्या महिन्यात आम्ही पर्वतीला गेलो. १०३ पायऱ्या. काका सगळ्यात मागे आणि त्यांच्या मागे मी. वर पोचायला किती वेळ लागला, ते कुणी मोजलं नाही. देवळापाशी उभं राहून काकांनी दूरवरचा सिंहगड पाहिला आणि विचारलं, "डब्यात काय आणलंय, कवी?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)