यकृताचे आरोग्य आणि आपला आहारसंयम



सुमारे दीड किलो वजनाचे आपले यकृत रक्तातील विषारी द्रव्ये अहोरात्र निष्प्रभ करीत असते. अनशापोटी घेतलेला रस किंवा बाटलीतील ‘डिटॉक्स’ पेय ते धुऊन काढते, या समजुतीस आधार नाही. वनस्पतिजन्य ते सारे निर्धोक, हेही खरे नव्हे. कडू दुधीचा रस प्राणावर बेतू शकतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तथापि सल्ल्यावाचून रोज काढे घेऊ नयेत, हे उत्तम.

मद्यत्याग आपल्या मूलगुणांतच आहे. म्हणून आपले यकृत सुरक्षित, असे आपण मानतो. परंतु मद्याचा थेंबही न घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठते. साखर, तळण, सुटलेले पोट, मधुमेह आणि बैठे काम ही त्याची कारणे. आपल्या पंगतीही त्यास अपवाद नाहीत.

बाह्य तपांत अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणे, आणि रसपरित्याग म्हणजे तूप, तेल, साखर आदी रसांचा त्याग. आत्मशुद्धीसाठी सांगितलेली ही तपे देहासही हितकर आहेत. स्थूल व्यक्तीचे वजन ७ ते १० टक्के घटले, तर यकृताची सूज उतरू शकते. सूर्यास्तापूर्वी मित भोजन, रोज अर्धा तास चालणे, मधुमेहींनी यकृताची तपासणी आणि बालकांना हिपॅटायटिस-बीची लस, एवढे कबनूरच्या प्रत्येक घराने पाळावे. पंगतीत आग्रहाने वाढणारा हातही थोडा आवरावा.

जय जिनेंद्र!