मुक्कामाचा दिवस वाया जात नाही

मनालीहून लेहला सायकलने निघालेल्यांना वाटेत एक दिवस थांबणं चैनीचं वाटतं. खरं तर तो प्रवासाचाच भाग आहे. लाहौलमधलं जिस्पा सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे, तर बारालाचा खिंडीपलीकडचं सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं पर्वतीय वैद्यक सांगतं. शिवाय दमलेल्या स्नायूंमधला साखरेचा साठा भरून यायलाही साधारण एक दिवस लागतो.

कुणी म्हणेल, रजा मोजकी आहे आणि थांबलं की पाय आखडतात. पण विश्रांती म्हणजे दिवसभर लोळणं नव्हे. जवळच्या चढावर थोडं फिरून खाली झोपायला यावं, ब्रेक-साखळी तपासावी, भरपूर जेवावं. डोकेदुखी आणि मळमळ असताना रेटून पुढे गेलं, तर एक दिवस वाचवण्याच्या नादात सगळी मोहीमच गमवावी लागते.