निवडताना नाव झाका, मांडताना नाव लिहा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



पुढील संमेलनाच्या वेळी आपल्या कारागिरांनी हाताने कातलेल्या लाकडी वाडग्यांचे प्रदर्शन शहरातील एका कलादालनात भरवावे, असा ठराव आपण मागील सभेत एकमताने संमत केला. ठराव संमत करणे सोपे. खरी कसोटी त्यानंतर लागते. दालनातील जागा मोजकी आणि येणारे वाडगे पुष्कळ. कोणता ठेवावा आणि कोणता सविनय परत पाठवावा, हा नाजूक प्रश्न निवड समितीपुढे उभा राहणार आहे. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी कारागीर नव्हे. माझे वडील कातारी होते. मी मात्र मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो. तथापि लहानपणी लाकडाच्या भुशात खेळलो आणि पुढे आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. या दोन्ही गोष्टी आज उपयोगी पडतील असे वाटते.

आपल्या भाषेत रेखीव व नेमक्या घडणीला ‘कातीव’ म्हणतात. कवी आणि रसिक हा शब्द सहज वापरतात. परंतु तो आला आहे फिरत्या लाकडावर पटाशी धरणाऱ्या कारागिराच्या कामातून. ज्या व्यवसायाने भाषेला सौंदर्याचा शब्द दिला, त्याच्या वस्तू निवडताना केवळ डोळ्यांवर विसंबून चालणार नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, समितीने प्रत्येक वाडगा प्रथम हातात घ्यावा.

हातात घेतल्यावर वजन कळते. दिसण्यात हलका पण उचलताना जड लागणारा वाडगा बहुधा तळाशी अकारण जाड ठेवलेला असतो. अंगठा आत व बोट बाहेर धरून काठापासून तळापर्यंत आणावे. भिंतीची जाडी कोठे अचानक वाढली वा घटली, ते बोटांना तत्काळ कळते. नंतर वाडगा उपडा करावा. पुष्कळ कारागीर वरच्या बाजूवर सारे कौशल्य ओततात आणि तळ तसाच सोडतात. यंत्राला घट्ट धरल्याच्या खुणा पुसल्या आहेत काय, बैठक मध्यभागी किंचित खोलगट ठेवली आहे काय, सपाट पाटावर वाडगा डगमगतो काय, हे पाहावे. पाहुण्यांना न दिसणारी बाजू ज्याने मन लावून केली, त्याच्या कामावर विश्वास ठेवावा.

आता लाकडाच्या स्वभावाविषयी. सामान्यतः ओंडका उभा चिरून त्याच्या अर्ध्या भागातून वाडगा कातला जातो. त्यामुळे लाकडाचे तंतू वाडग्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे आडवे जातात, आणि प्रत्येक फेऱ्यात पटाशीला तंतूंची टोके दोन वेळा आडवी येतात. पटाशी बोथट असेल किंवा हात घाईचा असेल, तर नेमके तेथेच तंतू उपटले जातात. काचकागदाने कितीही घासले तरी ती खरखर पूर्णपणे लपत नाही. समितीने या जागा समोरासमोर शोधाव्यात. धारदार हत्याराने स्वच्छ कापलेले लाकूड आणि घासून गुळगुळीत केलेले लाकूड यांतला भेद तेथे दिसून येतो.

ओले लाकूड वाळताना वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर किंचित लंबगोल होतो. काही कारागीर प्रथम व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी जाड भिंत ठेवून वाडगा ढोबळ कातून घेतात, तो अनेक महिने सावलीत वाळवतात आणि मग पुन्हा यंत्रावर चढवून गोल करतात. काही जण मात्र ओल्या लाकडातच पातळ वाडगा पुरा करून लाकडाला आपल्या मर्जीने वळू देतात. असा वाडगा वाकडा झाला म्हणून तो सदोष ठरत नाही. तो स्थिर बसतो काय आणि त्याला तडा गेला आहे काय, एवढेच विचारावे. तडे बहुधा गाभ्यापासून सुरू होतात. म्हणून जाणता कारागीर गाभा वगळतो. तडा भुसा व सरसाने बुजवून वर रंग दिला असेल, तर तो वाडगा परत करावा. तडा ही लाकडाची प्रकृती आहे; तो लपविणे हा माणसाचा दोष होय.

झिलईविषयी थोडे सांगतो. सावंतवाडीचे लाखकाम आपणा सर्वांना परिचित आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथेही लाकूड कातून त्यावर लाख चढवितात. तेथे ज्याला ‘हाले’ म्हणतात तो आपला काळा कुडा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या पात्याने ती चकचकीत करतात. ही शोभा खरीच. परंतु लाख उष्णतेने मऊ पडते. लाखेचा वाडगा सुक्या मेव्याला चालेल, वाफाळत्या आमटीला चालणार नाही. प्रदर्शनात वस्तूबरोबर हे स्पष्ट लिहिलेले असावे. अन्यथा गृहिणी वाडगा विकत घेईल आणि दोष कारागिराला देईल.

येथे एक वाद उपस्थित होणारच. वापरायचा वाडगा श्रेष्ठ की केवळ पाहायचा? हा प्रश्न आपल्यापुढेच आला असे नव्हे. इंग्लंडात बर्कशायर परगण्यातील बकलबरी गावी जॉर्ज लेली नावाचे कातारी होते. ते १९५८ साली वारले. पायाने चालणाऱ्या, लवचिक काठीच्या यंत्रावर ते एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकाच्या पोटात दुसरा असे अनेक वाडगे काढीत. ते वाडगे जेवणाखाणाचे होते. आज त्यांचे यंत्र रेडिंग येथील ग्रामजीवन संग्रहालयात जतन केले आहे. उलट अमेरिकेतील जेम्स प्रेस्टिनी (१९०८–१९९३) यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन अतिशय पातळ भिंतींचे वाडगे कातले. त्यांत उपयोगापेक्षा घाटाला महत्त्व होते. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात स्थान पावले. दोघांचाही मान झाला, कारण दोघांनी आपापल्या हेतूशी इमान राखले. समितीनेही तेवढेच पाहावे. वाडगा ज्या कामासाठी केला ते काम तो नीट करतो काय? वापराचा असेल तर हातात बसावा; पाहण्याचा असेल तर त्याचा घाट डोळ्यांना पुन्हा पुन्हा बोलवावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. ही व्यवस्था परीक्षक अप्रामाणिक असतात म्हणून नाही; परीक्षकही माणूसच असतो म्हणून आहे. आपल्या ज्ञातीत कोण कोणाचा व्याही, कोण कोणाचा साडू, कोणी सभागृहासाठी किती देणगी दिली, हे आपण सारे जाणतो. म्हणून प्रत्येक वाडग्याच्या तळाला केवळ क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि नावांची वही निवड संपेपर्यंत चिटणिसांच्या कपाटात राहावी. देणगीचा मान देणगीदारांच्या यादीत व्हावा. दालनात मान वाडग्याचा व्हावा.

परंतु निवड झाली की नाव झाकून ठेवणे हा अन्याय होय. जपानात सोएत्सू यानागी यांनी १९३६ साली तोकियो येथे लोककलेचे संग्रहालय उघडले आणि अनाम कारागिरांच्या रोजच्या वापरातील वस्तूंचा गौरव केला. त्यांची दृष्टी थोर होती. तथापि आपल्याकडील कारागीर स्वेच्छेने अनाम राहिला नाही. वस्तू दुकानात गेली की तिच्यावर दुकानाची चिठ्ठी लागते आणि करणाऱ्याचे नाव भुशाबरोबर झाडले जाते. कुशल कारागिरांना नावानिशी राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा आपल्या देशात १९६५ साली सुरू झाली. जे शासनाला सुचले ते ज्ञातीला का सुचू नये? प्रत्येक वाडग्याजवळ कारागिराचे पूर्ण नाव, गाव, लाकडाची जात, झिलईचा प्रकार आणि किंमत असा फलक असावा; विक्रीचे पैसे कोणाला मिळणार, तेही त्यावर असावे.

जे वाडगे परत जातील त्यांच्यासोबत दोन ओळींचे कारण लिहून द्यावे. ‘तळ जाड आहे’, ‘लाकूड पुरते वाळले नाही’, एवढे पुरे. न तपासता परत दिलेल्या उत्तरपत्रिकेने कोणी शहाणा होत नाही. आज आपली तरुण मुले कारखान्यात वा कचेरीत जातात आणि त्यात गैर काहीच नाही. पण जो एखादा मुलगा अजून बापाच्या यंत्रावर बसतो, त्याने हा धंदा पुढे चालवावा की सोडावा, याचा निर्णय कदाचित आपल्या त्या दोन ओळींवर होईल. वशिल्यापायी डावलले गेल्याची शंका त्याला आली, तर तो पटाशी खाली ठेवील. दोष नेमका दाखविला गेला, तर पुढील वर्षी तो अधिक चांगला वाडगा घेऊन येईल.

शेवटी सर्व कुटुंबांना विनंती. आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या हातची काथवट, वाडगा किंवा डबा माळ्यावर पडला असेल, तर तो धुऊन-पुसून आणावा आणि करणाऱ्याचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. अशा जुन्या वस्तूंसाठी दालनात एक कोपरा राखावा, अशी सूचना मी अध्यक्षांच्या अनुमतीने मांडतो.