आधी पाणी ओळखा, मग यंत्र घ्या

(सोलापुरातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मघाशी पायऱ्या चढताना पुढे दोन बहिणी चालल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, मला मधूनच उठावं लागेल." त्या ताई इथं बसल्या असतील, तर त्यांनी संकोच न करता उठावं. पाण्याचा दिवस चुकला की पुढचे चार-पाच दिवस घर कसं चालतं, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात, "सर, आरओ घेऊ का? कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" यावर बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, "नळातून." नळाच्या मागं काय आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. ते कळलं की यंत्राची निवड अवघड राहत नाही.

या गावाची पाण्याशी ओळख जुनी आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं. पाणी ही सगळ्यांसाठी करायची गोष्ट आहे, हा धडा आपल्या ग्रामदैवतानंच घालून दिला. पुढे ब्रिटिश काळात, १८७१ मध्ये, एकरुखचा म्हणजे आपल्या हिप्परग्याचा तलाव झाला. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण उभं राहिलं आणि नंतर तिथून सुमारे ११० किलोमीटर लांबीची जलवाहिनी शहरापर्यंत आली. आज उजनीचं थेट पाणी पाकणीच्या केंद्रात शुद्ध होतं. टाकळीला भीमेतून उचललेलं पाणी सोरेगावला जातं आणि हिप्परग्याचं भवानी पेठेत. या तिन्ही ठिकाणी गाळ खाली बसवतात, पाणी वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात.

उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. त्या शहरांचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवट दिसतं, त्याला शेवाळाचा वास येतो, तो या सांडपाण्यातल्या खतासारख्या द्रव्यांमुळं. नळाच्या पाण्याला कधी मातकट वास आला, तर त्याचं मूळ बहुधा तिथं असतं.

नळाखेरीज आपल्याकडं दुसरं पाणी आहे ते बोअरचं. दख्खनच्या काळ्या पाषाणात भेगांमधून मुरलेलं हे पाणी दगडातले क्षार घेऊन वर येतं. म्हणून ते जड लागतं, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीवर पांढरा थर चढतो. भोवती गटारं, शोषखड्डे किंवा खत घातलेली शेतं असतील, तर त्यात नायट्रेटही उतरतं. नायट्रेट दिसत नाही, त्याला चवही नाही. अंगावरच्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. आपल्या मानकात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कसलीही सवलत नाही. हे पाणी उकळलं तर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे ते अधिक दाट होतं.

आता केंद्रातून निघालेलं पाणी आपल्या ओठांपर्यंत कसं येतं ते पाहू, कारण आपल्या गावात पाणी बिघडतं ते मुख्यतः या वाटेवर. पाणी रोज चोवीस तास असेल, तर वाहिनीत सतत दाब असतो आणि फुटक्या जोडातून पाणी बाहेर जातं. चावी बंद झाली की वाहिनी रिकामी होते आणि त्याच फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. त्यात आपण नळाला थेट मोटार लावतो. मोटार पाण्याबरोबर ती घाणही ओढते, आपल्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. म्हणून चावी सोडल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी कधी भरू नये. ते धुण्या-सारवण्याला ठेवावं.

त्यानंतर ते पाणी बॅरलमध्ये, हौदात किंवा गच्चीवरच्या टाकीत चार दिवस उभं राहतं. पाण्यात उरलेलं क्लोरीन हा त्याचा राखणदार असतो. नळाशी तो दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असं भारतीय मानक सांगतं. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या टाकीत तो उडून जातो. चौथ्या दिवशी आपण पितो ते राखणदार नसलेलं पाणी.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात माझ्या नातीला उलट्या-जुलाब झाले. घरात आरओ होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मी यंत्रातून येणारं पाणी एच-टू-एसच्या बाटलीत भरलं. दुसरी बाटली माठातल्या पाण्यानं भरली. ही साधी चाचणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी शोधली. पाण्यात मैल्यातले जंतू असले, तर एक-दोन दिवसांत बाटलीतलं पाणी काळं पडतं. यंत्राची बाटली जशीच्या तशी राहिली. माठाची बाटली काळी झाली. यंत्राच्या आतला कोळसा पाण्यातलं क्लोरीन आधीच काढून घेतो, कारण क्लोरीननं पडदा खराब होतो. ते निराधार पाणी आम्ही माठात ओतत होतो आणि माठात हाताचा तांब्या बुडवत होतो. त्या दिवसापासून आमच्याकडं तोटीचा माठ आला. ज्यांच्याकडं साधा माठ आहे, त्यांनी आजीच्या काळचं लांब दांड्याचं ओगराळं पुन्हा वापरात आणावं. हजारो रुपयांच्या यंत्रानं आम्हाला जे दिलं नव्हतं, ते या दोन वस्तू देतात.

आता यंत्रांकडं येऊ. पाण्यातली अशुद्धी तीन जातींची असते. पहिली गढूळपणा, माती, गाळ. दुसरी जिवंत, म्हणजे जंतू आणि विषाणू. तिसरी विरघळलेली, म्हणजे क्षार, नायट्रेट, फ्लोराइड. प्रत्येक जातीचं औषध वेगळं आहे.

गढूळपणाला तुरटी, निवळीचं बी आणि फडकं ही आपली जुनी साधनं आहेत. आपल्या गावातली जैन घरं पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पितात. विणकरांच्या या गावाला आवडेल असं एक संशोधन सांगतो. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी निदान चार पदरी करून त्यातून पाणी गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला, तेव्हा तिथली पटकी जवळजवळ निम्म्यानं कमी झाली होती. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव साडीत अडकतात. साडी नवी नको, जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. मात्र सुटे जंतू फडक्यातून निसटतात, म्हणून गाळणं ही फक्त पहिली पायरी आहे.

जंतूंसाठी चार उपाय आहेत. उकळणं हा सर्वात खात्रीचा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. क्लोरीनचे थेंब हा सर्वात स्वस्त. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा जंतू निकामी करतो, पण पाणी स्वच्छ असेल तरच, कारण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपतात. वीज गेली की तो बंद, आणि जुना दिवा लागलेला दिसला तरी त्याची ताकद संपलेली असू शकते. यूएफचा पडदा विजेशिवाय चालतो आणि जंतू अडवतो. यातलं एकही साधन क्षार काढत नाही.

विरघळलेले क्षार आणि नायट्रेट काढायला घरात मुख्यतः आरओच उपयोगी पडतो. खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढणारा हा पडदा साठीच्या दशकाच्या उंबरठ्यावर कॅलिफोर्नियात सिडनी लोब यांच्याबरोबर श्रीनिवास सौरिराजन या भारतीय शास्त्रज्ञानं घडवला. तो समुद्रासाठी आणि खाऱ्या विहिरींसाठी होता. आपण तो धरणाच्या पाण्यालाही लावतो, आणि तिथं आपण चुकतो.

त्याचा हिशेब मांडतो. साधा घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागं तीन लिटरपर्यंत पाणी नळीतून बाहेर टाकतो. पाच माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर धरलं, तर साठ लिटर वाया. पाणी चौथ्या दिवशी येत असेल, तर तेवढ्या काळात २४० लिटर, म्हणजे एक अख्खं बॅरल आणि वर दोन-तीन घागरी. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सरकारला सांगितलं की जिथं दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत तिथं आरओ नको, आणि जिथं हवा तिथं किमान ६० टक्के पाणी उपयोगात यावं. त्यामागं हाच हिशेब आहे.

विक्रेता घरी येतो आणि तुमच्या पाण्याच्या पेल्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो. पाणी तपकिरी, हिरवट होतं. शेजारचं आरओचं पाणी मात्र निर्मळ राहतं. घरातली माणसं घाबरतात. ताई, दादा, तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षारांमुळं पाण्यातून वीज वाहते आणि सळीचं लोखंड विरघळून गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा, तेही तसंच गढूळ होईल. टीडीएसचा मीटरही फक्त क्षार मोजतो. पेल्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असलं, तरी तो पन्नास-शंभर दाखवू शकतो.

आता निवड. तुमच्याकडं फक्त महापालिकेचं पाणी येत असेल आणि क्षार ५०० च्या आत असतील, तर आरओ घेऊ नका. कोळसा, यूएफ आणि यूव्ही असलेलं यंत्र पुरतं. उजनीचा मातकट वास कोळसा कमी करतो. वीज बेभरवशाची असेल किंवा भाड्याची खोली असेल, तर स्टीलचा कॅन्डल फिल्टर किंवा विजेविना चालणारा यूएफ घ्या आणि पावसाळ्यात पाणी उकळा. कॅन्डल साबण न लावता हलक्या हातानं घासा, तडा गेला की बदला. बोअरचं किंवा टँकरचं पाणी प्यावं लागत असेल, तर आधी ते प्रयोगशाळेत तपासा. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार मर्यादेबाहेर निघाले, तर आरओ जरूर घ्या, फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता, आणि टाकाऊ पाणी फरशीला व संडासाला वापरा. चव यावी म्हणून त्यावर टीडीएस नियंत्रक बसवला असेल, तर तो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो, आणि त्याबरोबर नायट्रेटही परत येतं, हे लक्षात ठेवा. यंत्र कुठलंही असो, विकत घेण्याआधी कॅन्डल, पडदा आणि दिव्याचा वर्षाचा खर्च विचारा.

शेवटी एक दूरची गोष्ट. १८९२ मध्ये जर्मनीत एल्ब नदीकाठी हॅम्बर्ग शहरात पटकी आली आणि आठ हजारांहून अधिक माणसं गेली. लागूनच आल्टोना नावाचं गाव होतं. ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला होतं, म्हणजे हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी ते उचलत होतं. तरीही आल्टोना जवळजवळ वाचलं. एकाच रस्त्याच्या एका बाजूच्या घरांत पटकी होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी त्याचं कारण दाखवलं. हॅम्बर्ग नदीचं पाणी न गाळता घरोघर सोडत होतं. आल्टोनाच्या नगरपालिकेनं ते सावकाश वाळूतून गाळून सगळ्यांना दिलं होतं.

आपण भीमेच्या खालच्या अंगाला राहणारं गाव आहोत. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ हे आपले पहिले फिल्टर, आणि ते विडी वळणाऱ्या मावशींच्या खोलीतही पोचतात, जिथं यंत्र परवडत नाही. घरी यंत्र आलं म्हणून त्यांच्यावरची नजर काढू नका. पुढच्या पाण्याच्या दिवशी एक काम करा. सुरुवातीचं गढूळ पाणी गेलं, की स्वच्छ पेला नळाखाली धरा आणि आरोग्य सेवकाकडून क्लोरीन तपासणारे ओटी टेस्टचे थेंब त्यात टाकून घ्या. पाणी पिवळं झालं, तर राखणदार तुमच्या दारापर्यंत पोचला आहे. झालं नाही, तर एकट्यानं दुकानात जाऊ नका. गल्लीतली दहा घरं मिळून तो पेला घेऊन विभागीय कार्यालयात जा. गटाराजवळचा तो फुटलेला जोड नीट झाला, की यंत्र असलेल्या घरालाही आणि नसलेल्या घरालाही चांगलं पाणी मिळेल.

ज्या ताईंकडं आज पाण्याचा दिवस आहे, त्यांनी आता खरंच निघावं. चावी सुटायची वेळ झाली असेल.