चालकाच्या झोपेचा हिशेब कोण ठेवणार?

(टँकरचालक व वाहतूक कामगारांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीचा भोंगा हे पिळवणुकीचे प्रतीक होते खरे. पण तो सुटण्याच्या वेळीही वाजत असे. टँकरचालकाच्या आयुष्यात भोंगाच नाही. त्याचे काम कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे सांगणारी कसलीही खूण नाही. म्हणून त्याच्या कामाच्या तासांचा प्रश्न हा मुळात मोजण्याचा प्रश्न आहे, आणि जे मोजले जात नाही त्याचा मोबदलाही मिळत नाही.

कायदा नव्हता असे नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गांवर फार तर दिवसाला दहा व आठवड्याला चौपन्न. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची सुटका. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन. कागदावर हा कायदा वाचला तर वाटते, आपल्याला मागायला काही उरलेच नाही.

मग गफलत कोठे आहे? पहिली गफलत कायद्याच्या पोटातच आहे. कामाचे तास म्हणजे काय, याच्या व्याख्येत गाडी चालविण्याचा वेळ येतो, गाडीसंबंधीच्या इतर कामांचा वेळ येतो. पण टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच धरला जातो. आता पानेवाडीच्या, माहुलच्या किंवा उरणच्या रांगेत उभ्या असलेल्या चालकाचा विचार करा. नंबर लागेपर्यंत तो गाडी सोडून जाऊ शकत नाही, कारण रांग केव्हा पुढे सरकेल याचा नेम नाही. तो नीट झोपू शकत नाही, घरी जाऊ शकत नाही. सहा तास असे गेले तर मालकाच्या लेखी ती सहा तासांची विश्रांती! माल भरून, सील लावून, कागद हाती पडल्यावर जो चालक रात्री नऊला घाटाची वाट धरतो, तो कायद्याच्या हिशेबाने ताजातवाना असतो. प्रत्यक्षात तो पहाटेपासून जागा असतो.

दुसरी गफलत वेतनाच्या पद्धतीत आहे. चालकाची कमाई बहुतांशी खेपेवर ठरते. खेप जितकी लवकर संपेल तितकी पुढची लवकर मिळेल. "चालक स्वतःच थांबायला तयार नसतो, त्याला आम्ही काय करणार?" असे मालक सांगतात, आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु ज्याच्या घरची चूल खेपांच्या संख्येवर पेटते त्याने खेप वाढविली, तर तिला त्याची हौस कशी म्हणायची? खेपेचा दर हाच या धंद्यातला न दिसणारा मुकादम आहे. तो ओरडत नाही, चाबूक मारीत नाही. पण चालकाला झोपूही देत नाही.

छोट्या मालकालाही मी साऱ्या दोषाचा धनी करणार नाही. एक-दोन टँकर कर्ज काढून घेतलेला माणूस हप्त्याच्या फासात असतो. दर तो ठरवीत नाही. ज्याचा माल तो कंत्राट काढून दर ठरवितो. तेल कंपनी, रसायनांचा कारखाना, दूध संघ हे या साखळीचे खरे स्वामी आहेत. वेळेवर माल पोहोचावा ही त्यांची अट असते; चालक किती वेळ जागा होता, ही मात्र त्यांची जबाबदारी नसते. माल त्यांचा, घाई त्यांची, आणि अपघात मात्र चालकाचा, असा हा न्याय आहे.

टँकरचा अपघात इतर मालमोटारीच्या अपघातासारखा नसतो. टाकी अर्धी भरलेली असली म्हणजे ब्रेक मारताच आतला द्रव पुढे धावतो आणि वळणावर तो गाडीला बाहेर ओढतो. दुधाच्या टाकीत स्वच्छतेसाठी बहुधा आडभिंतीही ठेवीत नाहीत. अशा गाडीला तोलून धरायचे तर हात आणि डोळे सावध हवेत. आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत माणसाचे शरीर झोप मागते, हा निसर्गाचा नियम आहे. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला व चार माणसे मृत्युमुखी पडली. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या गॅसच्या टँकरला मालमोटार धडकली आणि आजूबाजूच्या वाहनांतले लोक होरपळले. या दोन्ही अपघातांची कारणे निरनिराळी असतील, ती मी एका सूत्रात बांधणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, अशा प्रत्येक अपघातानंतर गुंतलेल्या गाड्यांच्या चालकांची गेल्या चोवीस तासांतली झोप किती होती, हा प्रश्न पहिल्या पंचनाम्यातच लिहिला गेला पाहिजे. चालकाचा थकवा हा त्याचा खाजगी त्रास नाही. रस्त्याकडेच्या प्रत्येक वस्तीचा जीव त्याच्याशी बांधलेला आहे.

कोणी म्हणेल, हजारो गाड्यांतल्या चालकांचे तास मोजायचे कसे? तेल कंपन्यांचा माल वाहणाऱ्या टँकरवर ठावठिकाणा सांगणारे यंत्र बसविलेले असते. गाडी ठरलेला मार्ग सोडून गेली किंवा भलत्या जागी थांबली तर जाब विचारला जातो. म्हणजे तेलाचा थेंब कोठे सांडला हे कळावे म्हणून यंत्र आहे; त्याच यंत्राच्या नोंदीवरून चाके किती तास फिरली आणि रांगेत किती तास गेले हेही कळते. युरोपात चालकाचे तास नोंदविणारे यंत्र गाडीत असणे सक्तीचे आहे, आणि दिवसाला साधारणपणे नऊ तासांहून अधिक गाडी चालविता येत नाही. आपल्याकडे साधन आहे, ते मालाच्या राखणीला जुंपले आहे. माणसाच्या राखणीला ते जुंपावयाचे की नाही, हा तंत्राचा नव्हे, इच्छेचा प्रश्न आहे.

आता शासनाचा न्याय पाहा. अपघातात मृत्यू घडवून, न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये करण्यात आली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे चालक संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढे मागे ठेवावे लागले. जखमीला टाकून पळणे समर्थनीय नाही. जमावाच्या भीतीने माणूस पळतो, हेही तितकेच खरे आहे. पण तुलना करा. चालकाला दहा वर्षे. आणि त्याला कायद्याबाहेर राबविणाऱ्या मालकाला १९६१ च्या कायद्यात फार तर तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता आली. दंड लाखांच्या घरात गेला, हे खरे. परंतु पूर्वी पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला कायदा लागू होता, आता ती मर्यादा दहावर नेली आहे. ज्या धंद्यात एक, दोन, चार गाड्यांचे मालकच जागोजाग दिसतात, तेथे याचा अर्थ एवढाच की दंड वाढला, पण दंड ज्याला व्हावा तो मालकच कायद्याबाहेर गेला. रांगेतल्या ताटकळण्याची ती पंधरा मिनिटांची व्याख्या मात्र नव्या संहितेतही जशीच्या तशी उतरली आहे.

तेव्हा आपण काय मागायचे? पहिली मागणी राज्य शासनाकडे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ९१ हे वाहतुकीच्या वाहनावर काम करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या तासांविषयी बोलते. मालकाकडे किती कामगार आहेत हे ते विचारीत नाही. तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवण्यास मालकाला भाग पाडण्याचा अधिकार याच कलमाने शासनाला दिला आहे. तो वापरावा. दुसरी मागणी केंद्राकडे. धोकादायक कामाच्या बाबतीत कामगारसंख्येची मर्यादा उठविण्याची मुभा नव्या संहितेतच आहे. पेट्रोल, गॅस व रसायनांचे टँकर धोकादायक नसतील तर दुसरे काय धोकादायक आहे? तिसरी, रांगेतला वेळ कामाचा वेळ धरावा आणि त्याचे पैसे मालाच्या धन्याने द्यावेत. पैसे मोजावे लागले की रांगा आपोआप आखूड होतील. चौथी, ठावठिकाण्याच्या यंत्राची नोंद चालकाला व कामगार खात्याला मिळावी.

आणि शेवटची मागणी आपल्याच राज्याच्या अनुभवातून आलेली. १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्याला कायमचा मालक नाही अशा हमालासाठी मंडळ निर्माण केले. ज्याचा माल त्याच्याकडून मजुरीबरोबर लेव्ही घ्यायची, आणि त्यातून रजा, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार द्यायचे. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे शक्य झाले, ते चाकांवर माल वाहणाऱ्यासाठी अशक्य का असावे? दर खेपेमागे लेव्ही घेऊन टँकरचालकांचे मंडळ उभे राहिले, तर खेपेच्या दराचा फास सैल होईल आणि रजा घेतल्याने चूल विझणार नाही.

कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. उद्यापासून प्रत्येक डेपोच्या फाटकावर एक साधी वही ठेवा. रांगेत केव्हा लागलो, माल केव्हा भरला, केव्हा पोहोचलो, किती झोपलो, एवढे चार रकाने. महिनाभराने ती वही घेऊन कामगार आयुक्तांकडे आणि परिवहन कार्यालयात जाऊ. शासनाने नोंद ठेवली नाही म्हणून आपण ठेवली, असे सांगू. त्या वहीतला एकही आकडा त्यांना नाकारता येणार नाही, कारण त्याची साक्ष त्यांच्याच यंत्रात असेल.